माणूस कोईम्बतूरला, बाकी विट्यात: लांब गेलेल्याकडून येणं कसं वसूल करावं

विट्यात आमचं सिमेंट-सळईचं दुकान आहे. परवाना आणि जीएसटी नंबर माझ्या नावावर. गोडाऊन, गाड्या, हमाल आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, सांभाळतात आणि खातेवही माझ्याकडं असते. सत्तावीस वर्षं झाली.

हा भाग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. खानापूर, आटपाडी, तासगाव हा सांगली जिल्ह्यातला दुष्काळी पट्टा. टेंभू योजनेचं पाणी यायच्या कितीतरी आधीपासून इथली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी परराज्यांत गेली. सोनाराच्या दुकानातला कचरा, जुने दागिने गाळून त्यातलं शुद्ध सोनं-चांदी वेगळं काढायचं, हा गलाईचा धंदा. दक्षिणेत जा नाहीतर बंगालात, मोठ्या सराफ बाजारात आमच्याकडचा माणूस भेटतोच. कमावतात तिकडं आणि घर बांधतात इकडं गावात. त्यांच्या बंगल्यांवर आमचं दुकान उभं आहे, आणि उधारी लांब जाते तीही त्यांच्याबरोबरच.

२०२१ च्या दिवाळीनंतर जवळच्या गावातल्या एका मुलानं बंगल्याचं काम काढलं. कोईम्बतूरला त्याचं गलाईचं दुकान. वय अडतीस-चाळीस, वडलांपासूनची ओळख, मला काकी म्हणणारा. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ असा माल जात राहिला: पाया, प्लिंथ, कॉलम, दोन स्लॅब. सुरुवातीचे पैसे वेळेवर आले. दुसऱ्या स्लॅबला लांबायला लागले. शेवटी खात्यावर १,८६,४०० रुपये राहिले आणि तो कोईम्बतूरला निघून गेला. त्या वेळी सिमेंटवर २८ टक्के आणि सळईवर १८ टक्के जीएसटी होता. तो मी बिल केलं त्याच महिन्यात भरलेला. गिऱ्हाईकानं पैसे बुडवले म्हणून सरकार तो परत देत नाही.

माझे पैसे मिळाले. शेवटचा हप्ता जानेवारी २०२६ मध्ये आला. या चार वर्षांत जे शिकले ते इथं लिहिते, कारण दुकानात बसलं की दर महिन्याला कोणीतरी विचारतंच, "तुम्ही कसे काढले हो?"

फोनच्या आधी तारखा काढा

माणूस लांब गेला की आपण फोन करत बसतो. तो उचलतो, गोड बोलतो, आपल्याला बरं वाटतं, आणि सहा महिने निघून जातात. त्याआधी खातेवही उघडा आणि कुठल्या तारखेला काय दिलं ते एका कागदावर उतरवून काढा.

येणं वसूल करायला १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानं ३ वर्षं दिली आहेत. उधार मालाचे पैसे कधी द्यायचे हे ठरलं नसेल तर माल पोचला त्या दिवसापासून ३ वर्षं. तीस किंवा साठ दिवसांची बोली असेल तर ते दिवस संपल्यापासून. हातउसने दिले असतील तर पैसे दिले त्या दिवसापासून. "मागेन तेव्हा दे" असं बोलणं झालं असलं तरी घड्याळ मागितल्यापासून सुरू होत नाही, दिल्यापासून होतं. इथं फार जणांची फसगत होते. भाऊबंदांत पाच-पाच वर्षं थांबतात आणि मग वकिलाकडं जातात, तेव्हा हातात काही राहिलेलं नसतं.

माझा पहिला माल १९ नोव्हेंबर २०२१ ला गेला होता. म्हणजे त्या गाडीपुरती मुदत नोव्हेंबर २०२४ मध्ये संपणार, पुढच्या गाडीची त्यानंतर, अशी एकेक. मी हे पंचांगावर लिहून भिंतीला टांगलं होतं.

माणूस भारताबाहेर असेल तर तो बाहेर असलेला काळ या मुदतीतून वगळतात. दुबई-मस्कतला गेलेल्यांच्या बाबतीत हे लक्षात ठेवा, पण त्याच्या भरवशावर बसू नका. कोईम्बतूर भारतातच आहे, त्यामुळं मला तो आधार नव्हता.

घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा रस्ता म्हणजे ऋणकोची, म्हणजे देणं असलेल्या माणसाची, सही. मुदत संपायच्या आत त्यानं "इतकं देणं आहे" असं लिहून सही दिली की सहीच्या तारखेपासून नवी ३ वर्षं मिळतात. थोडे पैसे दिले तरी मुदत वाढते, पण त्या भरण्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी हवी. फोनवर पाच हजार येऊन पडले म्हणून निर्धास्त होऊ नका. मुदत उलटून गेल्यावर मग एकच वाट उरते: त्यानं जुनं देणं फेडीन असं नव्यानं लेखी, सहीचं वचन द्यायचं. १८७२ च्या कराराच्या कायद्यात ती सोय आहे, पण तेव्हा कोण कशाला देईल?

कागद एका पिशवीत

मी बसले तेव्हा माझ्याकडं तेवीस चलनं निघाली. गुलाबी कार्बन कॉपी, काहींवर सिमेंटचे डाग, एकीवर पावसाचं पाणी पडून शाई पसरलेली. माल घेणाऱ्याच्या रकान्यात त्याची स्वतःची सही फक्त चार ठिकाणी. बारा ठिकाणी गवंड्याची, बाकी सगळीकडं त्याच्या वडलांचा अंगठा. उधारी मुलाच्या नावावर आणि अंगठा वडलांचा. वकिलांनी ते बघून मला विचारलं, "उद्या तो म्हणाला की माल वडलांनी मागवला, तर?" मला उत्तर देता आलं नाही.

त्यात सळईच्या वजनकाट्याच्या पावत्या होत्या. त्या कागदावरचं छापील उष्णतेनं उमटतं आणि वर्ष-दोन वर्षांत उडून जातं. मी पिशवी उघडली तेव्हा नऊ पावत्या कोऱ्या करकरीत. उजेडात तिरप्या धरल्या तर कुठं कुठं आकड्यांच्या खुणा दिसत होत्या. तुमच्याकडं अशा पावत्या असतील तर आजच झेरॉक्स काढा, फोटोही काढून ठेवा. काटा करणाऱ्याकडं जुनी नोंद असली तर तिची सहीशिक्क्याची प्रत मागा. मला दोनच मिळाल्या.

मग बाकीचं जमवा. जीएसटीची बिलं, बँकेचा उतारा, ज्यात त्याचे आधीचे पैसे आलेले दिसतात. आधीचे पैसे त्याच्या खात्यातून आले असले तर माल कोणाचा होता याचा तो चांगला पुरावा असतो. माझ्या अंगठ्याच्या अडचणीवर हाच उतारा कामी आला.

फोनवरचे मेसेज पुसू नका. मोबाइल बदलताना जुना विकू नका. त्याचा नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढा, पूर्ण संभाषण बाहेर काढून ईमेलवर टाका. कोर्टात ते द्यायचं तर त्यासोबत प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला, त्याच्या कलम ६३ प्रमाणे ते द्यायचं, नमुना त्याच कायद्याच्या परिशिष्टात आहे, वकील करून देतात. माझ्याकडं त्याचा एक मेसेज होता: "काकी दिवाळीला एक लाख टाकतो, राहिलेले मार्चला." हा मेसेज पुढं चर्चेत फार उपयोगी पडला. पण मेसेज आहे म्हणून सही घ्यायची सोडू नका.

पत्ता

मोबाइल नंबरवर नोटीस जात नाही, पत्ता लागतो. त्याचं जीएसटी बिल किंवा व्हिजिटिंग कार्ड कुठं असेल तर त्यावरचा जीएसटी नंबर सरकारी जीएसटी संकेतस्थळावर टाका, धंद्याचा नोंदलेला पत्ता दिसतो. जुन्या चेकवर बँकेची शाखा असते. गावाकडची मिळकत बघायला सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन मिळतात, गावठाणातल्या घराचा असेसमेंट उतारा, म्हणजे नमुना नंबर ८, ग्रामपंचायतीत. मी तिन्ही काढले. जमीन भावांच्या सामाईक नावावर होती, बंगला एकट्या त्याच्या नावावर लागला होता. कुणाचे कॉल रेकॉर्ड किंवा आधार नंबर काढून देतो म्हणणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका, गुन्हा होतो.

गावातल्या माणसांना पत्ता विचारताना कारण सांगायची गरज नाही. "पत्रिका पाठवायची आहे" असं खोटंही बोलू नका. "हिशेबाचं काम आहे" एवढं पुरे.

माझी चूक

२०२२ च्या दिवाळीला तो गावी आला आणि मला ७५ हजारांचा चेक दिला. "काकी, सांगेन तेव्हाच बँकेत टाका." मी थांबले. डिसेंबरात म्हणाला, अजून थोडं थांबा. जानेवारी संपत आला आणि बँकेत गेले तर खिडकीतली मुलगी म्हणाली, मॅडम, हा चेक शिळा झाला. चेक त्यावरच्या तारखेपासून ३ महिनेच चालतो.

तो चेक वेळेत टाकला असता तर निदान कायद्याचा एक मोठा रस्ता उघडला असता. चेक न वटता परत आला, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची, नोटीस पोचल्यावर त्याला १५ दिवस द्यायचे, तरी पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. यातली एक तारीख चुकली तरी अडचण होते. आणि आपल्यासारख्यांना महत्त्वाचं हे की ही तक्रार आपलं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात होते. त्याची बँक कोईम्बतूरची असली तरी केस विट्यात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळं ज्याचा चेक त्याच्या बँकेच्या गावी जावं लागत होतं, २०१५ मध्ये कायदा बदलला आणि ती पायपीट संपली. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

म्हणून कोणी "थांबा" म्हटलं तर थांबायला हरकत नाही, पण जुना चेक परत देऊन पुढच्या तारखेचा नवा घ्या.

बोलायचं कसं

२०२३ मध्ये त्याचे वडील गेले. मी मातीला गेले, दहाव्यालाही गेले. पैशाचा शब्द काढला नाही आणि आजही मला ते बरोबरच वाटतं. पण घरी येऊन पंचांगावरची तारीख मात्र बघितली.

त्या वर्षी दिवाळीला तो आलाच नाही. मग मी पद्धत बदलली. दर महिन्याच्या ५ तारखेला एकच मेसेज: वर खाते उतारा, खाली एक ओळ, "या महिन्यात किती जमेल ते कळव." रोज फोन नाही, रात्री फोन नाही, बायकोला फोन नाही. रोज फोन करणाऱ्याचा नंबर माणूस बंद करतो. महिन्याला एकदा येणारा उतारा तो उघडून बघतो. चौथ्या महिन्याला त्याचा फोन आला. तासभर बोलला. दुकान बदललं, नव्या जागेचं डिपॉझिट गेलं, थोरलीची फी. मी म्हटलं, "मला सगळे एकदम नकोत. तूच सांग, न चुकता किती देशील?" तो म्हणाला बारा हजार. मी मनात वीस धरले होते. पण त्यानं स्वतः उच्चारलेला आकडा तो पाळायची शक्यता जास्त, म्हणून बारावर हो म्हटलं. फक्त एक अट घातली: गावी येशील तेव्हा सही द्यायची.

सहीचं पत्र

लांब गेलेला माणूस कधी ना कधी गावी येतो. यात्रेला, लग्नसराईला, मतदानाला. आमच्याकडं लोकसभेचं मतदान ७ मे २०२४ ला होतं आणि गलाईवाले त्यासाठी गाड्या करून आले होते. ८ तारखेला सकाळी मी आणि आमचे मालक त्याच्या घरी गेलो. त्याच बंगल्यात, आमच्याच सिमेंटच्या ओट्यावर बसलो. त्याची आई चहा घेऊन आली. मी म्हटलं, "आक्का, तुम्ही पण बसा, भांडायला आलेले नाही, हिशेब लिहायला आलेय."

तेवीस चलनं एकेक करून त्याच्यासमोर ठेवली. एका गाडीवर त्याला शंका होती, दहा एमएमची सळई दोनदा लावल्यासारखी वाटत होती. गवंड्याला फोन लावला, त्यानं सांगितलं, दुसरी जिन्याला आणली होती. शंका मिटली. ही तासाभराची बैठक मी दोन वर्षांपूर्वी घेतली असती तर? उधारी बुडण्यामागं पुष्कळदा हिशेबाचा संशय असतो आणि लाजेपोटी कोणी तो बोलून दाखवत नाही. माणूस आकड्यावर विश्वास ठेवत नाही आणि त्याच कारणानं देत नाही.

मग त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं. मजकूर वकिलांकडून आधी घेतला होता, तो असा:

"मी माझ्या घराच्या बांधकामासाठी दि. १९/११/२०२१ ते दि. २३/०४/२०२२ या काळात आपल्या दुकानातून सिमेंट व सळई उधारीवर घेतली. त्यापोटी आजअखेर रु. १,८६,४००/- (अक्षरी एक लाख शहाऐंशी हजार चारशे) इतकी रक्कम मी आपणास देणे आहे, हे मला मान्य आहे. ही रक्कम जून २०२४ पासून दरमहा ५ तारखेस रु. १२,०००/- प्रमाणे मी आपल्या बँक खात्यात जमा करीन. हप्ता थकल्यास उर्वरित सर्व रक्कम एकदम मागण्याचा आपणास हक्क राहील."

खाली पूर्ण नाव, गावचा पत्ता, कोईम्बतूरचा पत्ता, तारीख, सही, दोन साक्षीदार. एक साक्षीदार त्याचा चुलता, एक आमच्या बाजूचा. साक्षीदार दोन्हीकडचा असला की नंतर जबरदस्तीचा आरोप होत नाही. किती रुपयांच्या स्टॅम्पवर घ्यायचं ते तुमच्या वकिलांना विचारूनच जा. वचनचिठ्ठी (प्रॉमिसरी नोट) घेणार असाल तर तिच्यावर योग्य तिकीट आणि त्यावर सही नसेल तर ती पुराव्यात चालत नाही, मागाहून दंड भरूनही दुरुस्त होत नाही.

त्या सहीनं माझी मुदत मे २०२७ पर्यंत गेली. त्या रात्री मला नीट झोप लागली.

नोटीस

जून ते ऑक्टोबर पाच हप्ते आले. ६० हजार. मग बंद. नोव्हेंबर, डिसेंबर फोन नाही, मेसेजला उत्तर नाही. यावेळी मी थांबले नाही. जानेवारी २०२५ मध्ये वकिलांकडून नोटीस पाठवली.

नोटिशीत रागाचे शब्द नकोत. बाकी कशी आली, सहीच्या पत्राची तारीख, किती हप्ते आले, उरलेले १,२६,४०० रुपये, त्यावर नोटिशीपासूनचं व्याज, १५ दिवसांची मुदत आणि पैसे भरायचा खाते क्रमांक. समोरचा मराठी नसेल तर इंग्रजीत द्या. एकाच वेळी सगळ्या पत्त्यांवर: गावचं घर, कोईम्बतूरचं दुकान, तिथलं राहतं घर. शिवाय तीच नोटीस फोनवर पीडीएफ करून. आम्ही रजिस्टर पोस्टानं पाठवली होती. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा आता स्पीड पोस्टानं पाठवा, पोचल्याचा पुरावा मागा आणि ट्रॅकिंगचं पान छापून ठेवा.

पाकीट परत आलं तर ते फोडू नका. तसंच बंद वकिलांकडं द्या. त्यावर पोस्टमननं काय लिहिलंय ते बघा. "घेण्यास नकार" असेल तर बरोबर पत्त्यावर पाठवलेली नोटीस पोचली असंच कोर्ट साधारणपणे धरतं. "सोडून गेले" असेल तर मात्र नवा पत्ता शोधावा लागतो. माझी दुकानाची नोटीस पोचली, घराची "सोडून गेले" म्हणून आली, गावची आक्कांनी घेतली. पोचपावतीवर त्यांची वाकडी-तिकडी सही बघून मला वाईट वाटलं. तरी पाठवायलाच हवी होती.

केस कुठं करायची

लोकांची सगळ्यात मोठी भीती हीच असते, की आता तमिळनाडूत कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार. तसं नाही. प्रतिवादी राहतो तिथं दावा करता येतोच, पण व्यवहाराचं कारण जिथं पूर्ण किंवा काही अंशी घडलं तिथंही करता येतो. माल विट्यातून गेला, इथल्याच गावात उतरला, पैसे इथल्या खात्यात यायचे ठरले. म्हणून दावा विट्याच्या दिवाणी न्यायालयात. बिलावर "सर्व वाद विटा न्यायालयाच्या अधिकारात" अशी एक ओळ आता मी छापूनच घेतली आहे.

पण दाव्याच्या आधी लोकअदालत. तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच असतं. साधा अर्ज, कागदांच्या झेरॉक्स, समोरच्याचा पत्ता. याला दाखलपूर्व प्रकरण म्हणतात, कोर्ट फी लागत नाही. बायकांना तर उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं मोफत वकील मिळतो. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायका भिशीचे, हातउसने दिलेले पैसे सोडून देतात, कारण वकिलाची फी परवडत नाही. त्यांना मी हात जोडून सांगते, त्या कार्यालयात एकदा जाऊन या.

समितीची नोटीस गेल्यावर त्याचा मला फोन आला. आवाज उतरलेला. "काकी, कोर्टाचा कागद कशाला? मी नाही म्हटलंय का कधी?" मी म्हटलं, "नाही म्हटलं नाहीस, म्हणूनच दावा केला नाही. इथं येऊन मिटवू." २०२५ च्या मार्चमधल्या राष्ट्रीय लोकअदालतीत तो आला. तिथं पॅनेलवर एक न्यायाधीश आणि वकील होते. मी व्याज सोडलं. त्यानं २६,४०० त्याच दिवशी भरले आणि राहिलेले एक लाख दरमहा दहा हजारांप्रमाणे एप्रिलपासून. लोकअदालतीचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, आणि हप्ता चुकला तर थेट दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, टाकता येते. व्याज सोडल्याबद्दल मला काही जणांनी वेड्यात काढलं. पण वर्षभरात हातात आलेली मुद्दल मला जास्त मोलाची होती.

तो आला नसता तर दावा करावाच लागला असता. चेक, वचनचिठ्ठी किंवा पैसे देण्याचा लेखी करार असेल तर समरी सूट, म्हणजे झटपट चालणारा दावा, करता येतो. त्यात समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत त्याला हजेरी नोंदवावी लागते आणि बचाव करायलाही कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. तो गावची मिळकत घाईनं विकायला काढतोय असं कळलं तर निकालाआधी जप्तीचा अर्ज देता येतो, पण पुरावा हवा, नुसती ऐकीव बातमी चालत नाही. हुकूमनामा झाल्यावर वसुलीला १२ वर्षं असतात. इथं काही मिळकत नसेल तर तो हुकूमनामा तो माणूस राहतो तिथल्या कोर्टाकडं पाठवून तिथं बजावता येतो. शेतकऱ्याचं राहतं घर मात्र जप्तीतून वगळलेलं आहे, तेव्हा सातबारा आधी बघा तो यासाठीही.

यंत्रमागवाल्यांसाठी

आमच्या विट्यात यंत्रमागही आहेत. कापड विणून परराज्यातल्या व्यापाऱ्याला देणाऱ्यांना माझ्यापेक्षा चांगला रस्ता आहे. माल देण्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, झालेली असेल, तर सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानं खरेदीदाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार आपल्याच राज्यातल्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडं ऑनलाइन करायची, खरेदीदार देशात कुठंही असो. निकालाला आव्हान द्यायचं तर त्याला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. आमच्यासारख्या नुसत्या खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानांना हा फायदा नाही, उद्यम नोंदणी असली तरी. त्यामुळं माल बनवून देणाऱ्यांनी नोंदणी टाळू नये.

हे करू नका

गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकून "हा बुडवा" असं लिहू नका. अब्रुनुकसानीचा दावा आपल्यावरच येतो, आणि इज्जत गेलेल्या माणसाला मग पैसे द्यायचं कारणच उरत नाही. वसुलीची पोरं पाठवू नका. पोलिसांकडं जायचं तर फसवणूक सुरुवातीपासूनच ठरवून केली होती हे दाखवता यायला हवं. खोटा पत्ता, खोटं नाव, एकाच वेळी दहा जणांकडून माल उचलून पळ, असं असेल तर जरूर जा, लगेच जा. साध्या थकलेल्या उधारीला ठाण्यात "दिवाणी स्वरूपाचं आहे" म्हणून सांगतात आणि ते बरोबर आहे.

हातउसने देणाऱ्यांनी व्याज लावण्याच्या भानगडीत पडू नये. परवान्याशिवाय सावकारी ठरली तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानं कोर्ट हुकूमनामा देत नाही, शिवाय गुन्हा. आणि पैसे द्यायचे तर बँकेतून द्या. २० हजार किंवा त्याहून जास्त रोख उसने घेणाऱ्याला प्राप्तिकर खात्याचा दंड बसू शकतो, म्हणजे उद्या तो "घेतलेच नाहीत" म्हणायला मोकळा.

पैसे आल्यावर

५ जानेवारी २०२६ ला दुपारी फोन वाजला, दहा हजार जमा. त्याचा खाली मेसेज, "काकी संपलं ना?" मी त्याच दिवशी पत्र लिहिलं, की दि. १९/११/२०२१ पासूनच्या मालापोटी आता आपल्याकडून काही येणं नाही, बाकी निरंक. लोकअदालतीच्या निवाड्याप्रमाणे पूर्ण रक्कम मिळाल्याची पोच तालुका समितीत दिली. शिळा झालेला तो ७५ हजारांचा चेक अजून माझ्या पिशवीत होता. त्यावर दोन आडव्या रेघा मारून तो आणि निरंकाचं पत्र स्पीड पोस्टानं कोईम्बतूरला पाठवलं, सहीच्या पत्राची एक प्रत माझ्याकडं ठेवून मूळ प्रतही त्यातच घातली. मग खातेवहीतलं त्याचं पान काढलं, लाल शाईनं रेघ ओढली आणि तारीख घातली.